गाडी नसलेलं स्टेशन

बोलायला सुरुवात करण्याआधी ते शर्टाच्या वरच्या बटणावर बोटानं दोनदा टकटक करायचे. मग हलकी फुंकर मारायचे आणि मगच बोलायचे. टपरीवर चहा मागायचा असला तरी हेच, आणि कुणाच्या मयताला जाऊन दोन शब्द बोलायचे असले तरी हेच.

बीडच्या बसस्थानकावर त्यांनी उभी नोकरी माईकपुढं काढली, आणि आमचा माईक कधीच धड नव्हता. टकटक केल्याशिवाय तो जागा व्हायचा नाही. पुढं माईक सुटला, सवय राहिली. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात स्थानकावर गाडीची वाट पाहिली असेल त्यांनी त्यांचा आवाज ऐकलाच असणार, चेहरा कदाचित पाहिला नसेल. नाव मी लिहीत नाही. त्यांच्याबद्दल गावात जे बोललं जातं ते नावासकट बोललं जातं, तेवढं पुरे झालं.

मी त्याच आगारात वाहतूक निरीक्षक होतो, म्हणजे त्यांचा साहेब. निवृत्तीनंतर आम्ही एकाच गल्लीत समोरासमोर राहायला आलो, तरी ते मला साहेबच म्हणत राहिले. मीही म्हणू दिलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या एका शब्दाचा वाटा आहे.

पुकारा करायचा म्हणजे "नेकनूर गाडी फलाट तीनवर लागली आहे" एवढं सांगून थांबायचं असतं. ते थांबायचे नाहीत. "लाल फेट्यातले बाबा, पळू नका, पडाल. डायवर अजून चहाच प्यायलाय." सगळं स्थानक हसायचं. बाबा लाजून चालायला लागायचे आणि ड्रायव्हर कॅन्टीनच्या दारातून ओरडायचा, "आरं बे, माझी इज्जत कावून काढायलास?"

एकदा मी त्यांना केबिनमध्ये बोलावून झापलं. "ही काय तुमच्या घरची बैठक आहे का?"

टकटक. फुंकर. "न्हाई साहेब. पण म्हातारं पळत पडलं, तर गाडी येळेवर सुटून काय फायदा?"

साहेब असल्यामुळं याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही.

त्यांचा छंद तुम्हाला ऐकून माहीत असेल. आठवडी बाजारात एक माणूस परदेशातून आलेल्या जुन्या खेळण्यांचा ढीग ताडपत्रीवर ओतून बसायचा. हात तुटलेल्या बाहुल्या, चाक नसलेल्या मोटारी, कशाचं काय कळू नये असे तुकडे. त्यात त्यांना एक लांबट राखाडी तुकडा मिळाला. विकणारा म्हणाला, "घ्या, साबण ठेवायला बरं हाय." त्यांनी तो उलटासुलटा केला. एका कडेला पिवळी रेघ होती आणि बारकी, न वाचता येणारी अक्षरं.

"साबणाचं न्हाई बाबा हे," ते म्हणाले. "ह्याच्यावर मानसं उभी ऱ्हात्यात. फलाट हाय हा."

पुढं कुणा कंडक्टरच्या शिकलेल्या पुतण्यानं सांगितलं की ही जपानी आगगाडी असते, निळ्या रुळांवर चालणारी. तिचं स्टेशन सुट्या तुकड्यांत मिळतं. फलाट वेगळा, जिना वेगळा, पूल, छत, तिकिटाची खिडकी, सगळं वेगळं. कशाला काहीही जोडा, टक्‌ करून बसतं आणि ओढलं की सुटतं. त्यातलं सगळ्यात भारी त्यांना वाटायचं ते हे, की फार जुना तुकडा आणि परवा निघालेला तुकडासुद्धा एकमेकांत बसतात. जुन्या फलाटाला नवा जिना लावून ते मला दाखवायचे. "बगा साहेब. वयात किती अंतर, पण कुरकुर हाय का? सोयरीक अशी पायजे."

मग आगारातले ड्रायव्हर-कंडक्टर कामाला लागले. पुण्याला मुक्कामी जाणारा तिथल्या जुन्या बाजारात चक्कर टाकायचा, आणि काचेपुढं, देवाच्या फोटोशेजारी, एखादा प्लास्टिकचा जिना ठेवून गाडी बीडला आणायचा. रेल्वेचं स्टेशन एसटीनं आलं, हा विनोद आगारात कित्येक वर्षं पुरला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकायची. त्याच ढिगात इंजिनं, डबे, रूळ भरपूर पडलेले असायचे. त्यांनी एकही गाडी कधी घेतली नाही.

"अहो, स्टेशन एवढं मोठं झालं, गाडी कावून न्हाई घेत?" लोक विचारायचे.

"गाडी सरकार देणार हाय," ते म्हणायचे. "तवर ठेसण तयार पायजे."

बीडच्या माणसाला यावर हसावं की रडावं कळायचं नाही. आमच्या बापाच्या लहानपणापासून रेल्वे येणार येणार होती. प्रत्येक निवडणुकीत ती थोडी पुढं सरकायची आणि निकाल लागला की मागं जायची.

पण गाडी न घेण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला माहीत होतं. गल्लीत बहुधा मला एकट्यालाच.

त्यांची बायको परळीची. मी त्यांना वहिनी म्हणायचो. वहिनींच्या वडिलांचा, आबांचा, परळी स्टेशनच्या फलाटावर चहाचा गाडा होता. शाळा सुटली की परकर सावरत आबांचा डबा स्टेशनवर पोचवायचा, हे वहिनींचं लहानपणीचं काम. पुढं लग्न झालं, मुलगा झाला, तो पुण्याला नोकरीला लागला, आबा जाऊनही जमाना लोटला. आणि मग वहिनी हळूहळू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग मुलगा. सगळं एकेक करून गेलं आणि तळाशी तेवढा डबा राहिला.

दिवस कलला की त्या कापडी पिशवी घेऊन दारात उभ्या राहायच्या. "आबांचा डबा ऱ्हायलाय. मला जाऊ द्या." अडवलं की रडायच्या, नखं मारायच्या. जेवणाला शिवायच्या नाहीत.

एका संध्याकाळी मी समोरच बसलो होतो. ते उठले, बटणावर टकटक केलं, फुंकर मारली आणि स्थानकावरच्या आवाजात म्हणाले, "परळीला जाणाऱ्या प्रवाशांनी आत यावे." वहिनी दारातून वळल्या. मग ते दिवाणावर सगळे तुकडे मांडत म्हणाले, "चल, सांग. जिना कुठं होता?"

"हिकडं न्हाई वो. हिकडं नळ हाय. जिना त्या अंगाला." वहिनी चिडून म्हणाल्या. ते जिना ओढून काढायचे, दुसरीकडं बसवायचे. "आता?" "पूल मागं घ्या की! आबांच्या गाड्यावर आलाय त्यो." पूल मागं. असं करत करत एका क्षणी वहिनींचा चेहरा सैल झाला. त्यांनी पिशवीतून एक स्टीलची छोटी डबी काढली आणि फलाटावर, त्यांना जिथं गाडा दिसत होता तिथं, अलगद ठेवली.

टकटक. फुंकर. "आबांचा डबा पोचला आहे. डबा आणणाऱ्या बाईंनी घरी जाऊन जेवून घ्यावे."

वहिनी आल्या, पाटावर बसल्या आणि चांगल्या दीड भाकरी जेवल्या.

मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते म्हणाले, "रोज ठेसण बदलतं साहेब. काल नळ डावीकडं होता. तिला जसं आठवंल तसं बांधायचं. गाडी ठेवली असती ना, तर ती म्हनली असती बसा, जाऊ. मंग कुठं नेतो तिला?"

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं. तेव्हा पुढचं वाचताना 'यांना कुठं ठाऊक असणार' असं कुणी मनात आणू नका.

रेल्वे खरंच येणार असं ठरलं ते वर्ष. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा मी अध्यक्ष. पोरं म्हणाली, काका, यंदा देखावा रेल्वे स्टेशनचाच करू. थर्माकोलचं स्टेशन प्रत्येक गल्लीत होणार हे उघड होतं. मला दिवाणावरचं स्टेशन आठवलं. एव्हाना ते भलतंच वाढलं होतं, छपरं, पूल, तिकिटाच्या खिडक्या, फलाटावरची बारकी बाकडी. जिल्ह्यात कुणाकडं असं काही नव्हतं.

मी मागायला गेलो. त्यांनी टकटक केलं, फुंकर मारली आणि आत वहिनींकडं पाहिलं.

"दहा दिस लई होत्यात साहेब. ती रोज इचारती."

"अहो, बाप्पाचं काम आहे," मी म्हणालो.

या वाक्याला आपल्याकडं नाही म्हणता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. वर मी साहेब.

"एक फलाट आन्‌ एक जिना घरी ठेवतो," ते म्हणाले. "बाकी न्या. पण पोरांना सांगा, जपून."

मांडवात स्टेशन उभं राहिलं तेव्हा खरोखर गर्दी लोटली. त्याच्यामागं गणपती, पुढं दिव्यांची माळ. पण पहिल्याच संध्याकाळी स्पीकर सुरू झाले आणि त्यांच्या हादऱ्यानं टेबल थरथरायला लागलं. आरतीला पाहुणे उभे, आणि आमचं छप्पर घसरून मोदकांच्या ताटात. मागं पूल कलला. माणसं हसली. पोरांनी माझ्याकडं पाहिलं.

आवाज कमी करा, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "चिकटवून टाका."

एक पोरगा बिचकला. "काका, मंग सुटंल का?"

"सुटतंय सगळं," मी म्हणालो. "चिकटवा."

झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाच्या नळ्या आणल्या आणि एकेक सांधा पक्का केला. देखावा शेवटपर्यंत हलला नाही. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या गळ्यात हार घातलेला फोटो अजून मंडळाच्या खोलीत आहे.

ते दहा दिवस त्यांनी एका फलाटावर आणि एका जिन्यावर कसे काढले, मी विचारलं नाही. एकदा खिडकीतून आवाज आला होता, "पूल दुरुस्तीला गेलाय. चतुर्दशीनंतर येनार हाय, तसं सांगून गेल्यात."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी स्टेशन त्यांच्या ओट्यावर आणून ठेवलं. त्याच्यावर गुलाल होता, झेंडूच्या पाकळ्या होत्या. एवढं अखंड, एका फळीसारखं ते दोघा पोरांनी दोन टोकांना धरून आणलं, तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं. पण ते गुलाल पुसत म्हणाले, "छान झालं. बाप्पाच्या पायापाशी ऱ्हायलं." मी समोरच्या दारात उभा होतो. गोंदाचं सांगायला हवं होतं. म्हटलं, संध्याकाळी सांगू, निवांत. आणि घरात जाऊन झोपलो. रात्रभराची मिरवणूक झाली होती.

दुपारनंतर रिमझिम लागली होती. त्यांच्याच ओरडण्यानं मी जागा झालो. ते गल्लीत अनवाणी उभे होते. वहिनी घरात नव्हत्या.

काय झालं ते मला त्यांनी नंतर सांगितलं. आभाळ भरून अंधारून आलं, तशी वहिनींना संध्याकाळ झाली असं वाटलं. त्या दिवाणापाशी आल्या. "पूल मागं घ्या." ते पूल ओढायला लागले. हलला नाही. जिना ओढला, तोही नाही. पूल नेमका आबांच्या गाड्याच्या जागेवर आलेला. डबी ठेवायला जागा नव्हती. वहिनी म्हणाल्या, "हे आपलं ठेसण न्हाई." त्यांनी पुकारा केला तरी ऐकेनात. मग गोंद सुटतो का बघावं म्हणून ते पाणी तापवायला आत गेले. तेवढ्यात वहिनींनी दोन्ही हातांनी तो पूल पिरगाळून तोडला आणि बाहेर पडल्या.

त्या सापडल्या दिवस मावळता मावळता, नव्या स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, चरात पडलेल्या. मनगट मोडलं होतं. एका रिक्षावाल्यानं दवाखान्यात आणलं. पदरात तुटका पूल आणि ती डबी, दोन्ही घट्ट धरलेलं.

दुसऱ्या दिवशी परळीहून वहिनींचा भाऊ आला. परळीत किराणा दुकान असलेला, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला शांत माणूस. पण त्या दिवशी तो शांत नव्हता. तो दवाखान्यातून सरळ घरी आला. दिवाणावर मोडकं स्टेशन पडलं होतं, खाली प्लास्टिकच्या ठिकऱ्या. त्यानं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात हिशेब झाला. गल्लीच्या डोक्यात तो आधीच झालेला होता.

"तिनं तुमचं खेळणं मोडलं. म्हणून हाकलली ना भाईर?" तो म्हणाला. "पावसात. येड्या बाईला. एका खेळण्यापायी!"

ते खाली पडलेले तुकडे वेचत राहिले. भावानं माझ्याकडं वळून विचारलं, "तुमी समोर ऱ्हाता. तुमी शाने मानूस. तुमी सांगा, काय झालं?"

ओट्यावर पोरं उभी होती. शेजारपाजार उभा होता. त्या संध्याकाळी मंडळाचा सत्कार होता.

"मी झोपलो होतो," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हात वर गेला, बटणावर टकटक झाली. मला वाटलं, आता सांगणार. त्यांनी फुंकर मारली.

"माझंच चुकलं," ते म्हणाले.

भाऊ वहिनींना दवाखान्यातूनच परळीला घेऊन गेला. जाताना बजावून गेला, की दारात पाय ठेवायचा नाही. पुण्याचा मुलगा येऊन गेला, तोही बापाशी धड बोलला नाही. गावात गोष्ट पसरली ती तुम्ही ऐकलेलीच आहे, खेळण्यासाठी बायकोला घराबाहेर काढणारा म्हातारा. टपरीवर ते आले की लोक चहाचे ग्लास घेऊन बाजूला सरकायचे. मी सरकायचो नाही. मी तिथंच बसायचो आणि गप्प बसायचो.

एकदा मी घरात जाऊन त्यांना म्हणालो, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"सत्काराचा दिस होता. पोरांची हौस होती." ते चिकटलेल्या सांध्यात सुईचं टोक घालून बसले होते. "आन्‌ दिलं कुनी? मीच दिलं ना साहेब. ती नको म्हनत होती."

मग रेल्वे आली. फटाके, ढोल, फुलांनी मढवलेलं इंजिन. मी त्यांना बळंच घेऊन गेलो. एवढी वर्षं वाट पाहिलेली गाडी समोर उभी होती आणि ते तिच्याकडं न बघता स्टेशनकडं बघत होते. जिना कुठं, नळ कुठं. मग जवळच्या एका तरुणाला विचारलं, "बाळा, परळीला कवा निघती ही?"

"परळीला न्हाई काका. तिकडचं काम अजून चालूच हाय. ही नगरला जाती."

"म्हंजे उलट्या अंगाला," ते म्हणाले आणि घराकडं वळले.

त्यानंतर दर सोमवारी ते सकाळच्या एसटीनं परळीला जायला लागले. वैजनाथाचं दर्शन घ्यायचे आणि संध्याकाळी परत. मी ओट्यावर वाट बघत असायचो, म्हणजे बसलेला असायचो. "भेट झाली का?"

टकटक, फुंकर. "झाली. बरी हाय. जेवली."

मला किती हलकं वाटायचं ते कसं सांगू. म्हणजे भावानं येऊ दिलं. म्हणजे हळूहळू सगळं जागेवर येतंय. मग मी तोंड उघडायची गरज काय? एकेक सोमवार असा माझ्या पथ्यावर पडत गेला.

पाडव्याच्या थोडं आधी ते गेले. झोपेतच. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली, दार उघडलं नाही. आत दिवाणावर स्टेशन होतं. एवढे महिने सुईनं टोकरून त्यांनी त्यातला एक जिना सोडवला होता. परळीहून भाऊ मातीला आला आणि लगेच परत गेला. वहिनींना आणलं नव्हतं. सगळं आवरताना मुलगा मला म्हणाला, "काका, हे तुम्हीच ठेवा. मंडळाला लई आवडायचं ना."

ते ओझं आता माझ्या घरात आहे. मी ते गरम पाण्यात घालून पाहिलं. सुई घेऊन बसून पाहिलं. एकही सांधा सुटला नाही.

शेवटी मी परळीला गेलो. सोमवार मी मुद्दाम धरला नव्हता, पण निघालो तो सोमवारच होता. भावाचं घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत. पुढं लहानसं अंगण आणि पुरुषभर उंचीची भिंत, वीज केंद्राच्या राखेनं करडी झालेली. भाऊ ओसरीवर होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. देखावा, स्पीकर, गोंद. पूल का तुटला ते. "मी झोपलो होतो" म्हणालो ते का म्हणालो, तेही.

तो माझ्या चपलांकडं बघत होता.

"आता कावून सांगायलाव?" तो म्हणाला. "ऐकायला कोन ऱ्हायलंय?"

"तुम्ही त्यांना भेटू देत होता, म्हणून मला वाटलं..."

"मी? भेटू?" त्यानं वर पाहिलं. "मी आत घेतलंच न्हाई त्यास्नी. पयल्या सोमवारी आलते, दारातूनच परत लावलं. दुसऱ्या सोमवारी भिंतीपल्याडून आवाज आला. 'परळी गाडी फलाट एकवर येत आहे. आबांचा डबा पोचला आहे. डबा आणणाऱ्या बाईंनी घरी जाऊन जेवून घ्यावे.' मी काठी घेऊन उठलतो. तर अक्का पिशवी ठेवून गपगुमान आत आली आन्‌ ताटावर बसली. कितीक दिसांनी धड जेवली. मंग काय हाकलतोय मी? दर सोमवारी भिंतीपल्याड उभं ऱ्हायचे. पुकारा करायचे, जायचे. एवढं दार होतं हितं, साहेब. उगडायला एक शब्द पुरला असता."

तो शब्द कुणाजवळ होता, हे त्यानं म्हटलं नाही.

वहिनी अंगणातच होत्या. भिंतीला खांदा लावून, खाली बसलेल्या. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर तो पिवळा पूल, एका टोकाला तुटलेला. मनगट वाकडं जुळलं होतं. त्या कान देऊन होत्या.

"ते गेले म्हणून सांगितलं का?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं की. म्हनती, गाडी लेट असंल." भावानं भिंतीकडं पाहिलं. "ते गेल्यापास्नं सोमवारी तोंडात घास घेत न्हाई ती. तुमी बी एस्टीतलेच ना? जा, एकदा बोलून बगा."

मी बाहेर गल्लीत आलो. भिंतीपाशी उभा राहिलो. खालच्या मातीवर एके ठिकाणी गवत उगवलेलं नव्हतं. मी बटणावर दोनदा टकटक केलं. फुंकर मारली.

"परळी गाडी फलाट एकवर येत आहे," मी म्हणालो.

पलीकडं हालचाल थांबली.

"ते न्हाईत हे," वहिनी म्हणाल्या. "आवाज त्यो न्हाई."

स्टेशनात कुठली तरी मालगाडी लागत होती, डबे एकमेकांवर आदळत होते. मी निघायला वळलो, तेव्हा भिंतीच्या अगदी जवळून, विटांना तोंड लावून बोलावं तसा, पुन्हा आवाज आला.

"तुमी कोनी का असंना. डबा पोचला का, तेवढं तरी सांगा."

मी पुन्हा बटणावर बोट ठेवलं.